छायाचित्राची साक्ष

सकाळीं वर्तमानपत्र घरांत येऊन पडलें म्हणजे पाहणाराची नजर मजकुराआधीं चित्राकडे जाते. अग्रलेख घरांतील एखादाच वाचतो. बाजारभाव ज्याला हवे असतील तो पाहतो. पण पहिल्या पानावरचें छायाचित्र आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या दृष्टीखालून जातें. याहूनही लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, बातमीविषयीं सतरा शंका काढणारा चिकित्सक वाचकसुद्धां चित्रापुढें निमूट होतो. 'छापून आलें म्हणून काय झालें?' असें विचारणारा मनुष्य 'अहो, फोटो आला आहे' एवढें ऐकतांच वाद मिटला असें समजतो. शब्द माणसाचे, आणि माणूस चुकतो किंवा खोटें बोलतो. छायाचित्र यंत्राचें, आणि यंत्राला पक्षपात ठाऊक नाहीं, अशी या विश्वासामागची विचारसरणी असते.

ही विचारसरणी अर्धीच बरोबर आहे. भिंगापुढें जें असेल त्याचीच प्रतिमा कांचेवर, फितीवर किंवा आजच्या कॅमेऱ्यांतील विद्युत्-पट्टीवर उमटते, हें खरें. परंतु यंत्र कोठें उभें करावयाचें, कळ कोणत्या क्षणीं दाबावयाची, काढलेल्या पन्नास चित्रांतून कोणतें एक घ्यावयाचें, त्याच्या कडा कोठें कापावयाच्या आणि त्याखालीं काय लिहावयाचें, हे पांचही निर्णय माणसाचे असतात. म्हणून छायाचित्राला न्यायालयांतील साक्षीदाराच्या जबानीसारखें मानणें इष्ट. जबानी ऐकावी, तिला मान द्यावा. परंतु साक्षीदार कोण, तो कोठें उभा होता आणि त्यानें काय सांगितलें नाहीं, हेंही विचारावें. वृत्तपत्राच्या कचेरींत चित्र कसें निवडलें जातें व कसें सिद्ध होतें याची थोडी माहिती असली, म्हणजे हे प्रश्न विचारणें सोपें जातें.

साक्षीदाराचा प्रश्न किती गंभीर होऊं शकतो याचें एक जुनें उदाहरण रत्नागिरीच्या इतिहासाशीं जोडलेलें आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा यानें १८८५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस मंडाले येथें इंग्रजांपुढें शरणागति पत्करली. त्याला प्रथम मद्रासेस व पुढें १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आणण्यांत आलें. त्याच्यासाठीं बांधलेला राजवाडा १९१० सालीं पुरा झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत तो रत्नागिरींतच वारला. राजवाडा व राजाची समाधि पाहावयास येणारे प्रवासी आजही पुष्कळ आहेत. परंतु राजाला हलविल्यावर त्याच्या राजधानींत काय घडलें, हें त्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें.

मंडाले येथें त्या वेळीं विलोबी वॉलेस हूपर नांवाचा एक लष्करी अंमलदार होता. बंडखोर किंवा दरोडेखोर म्हणून पकडलेल्या ब्रह्मी लोकांना गोळ्या घालून ठार करण्याची व्यवस्था त्याच्याकडे होती, आणि छायाचित्रण हा त्याचा आवडता छंद होता. १८८६ च्या जानेवारींत त्याच्याविरुद्ध असा आरोप झाला कीं, कैद्यांवर बंदुका रोखण्याचा हुकूम दिल्यानंतर आणि त्या झाडण्याचा हुकूम देण्यापूर्वीं त्यानें मुद्दाम विलंब लावला. कारण नेमक्या त्या क्षणाचें छायाचित्र त्याला हवें होतें. लंडनच्या 'टाइम्स' पत्राच्या बातमीदारानें ही हकीगत तारेनें विलायतेस कळविली. पार्लमेंटांत प्रश्न विचारले गेले, चौकशी झाली आणि हूपरला ठपका मिळाला. मृत्यूच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाचे ते कांहीं क्षण एका चित्रासाठीं लांबविले गेले, या कल्पनेनेंच त्या काळचा वाचक हादरला.

याच हूपरनें १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळांत मद्रास इलाख्यांतील अन्नान्न झालेल्या लोकांचे समूह बसवून छायाचित्रें घेतलीं होतीं. हाडांचे सांपळे झालेलीं तीं माणसें ओळीनें मांडलेलीं पाहून पाहणाराच्या अंगावर कांटा येतो. तसल्या चित्रांमुळें दूरच्या लोकांना दुष्काळाची भीषणता कळली, हें नाकारतां येत नाहीं. परंतु उपाशी माणसाला चित्रासाठीं नीट बसवणारा हात त्याच्यापुढें घांसही ठेवीत होता काय, हा प्रश्न ती प्रतिमा पाहतांना मनांतून जात नाहीं. छायाचित्रकार हा केवळ पाहणारा नसतो; तो प्रसंगाच्या ठिकाणीं उभा असलेला मनुष्य असतो, आणि त्याच्या वागण्याचा हिशेब चित्राबरोबरच मांडावा लागतो. चित्रसाक्षीचा पहिला नियम येथें मिळतो.

हूपरचीं छायाचित्रें त्या काळच्या वर्तमानपत्रांत जशींच्या तशीं छापतां येत नव्हतीं. खिळे जुळवून छापणाऱ्या यंत्राला दोनच गोष्टी समजतात: शाई लागणें आणि शाई न लागणें. छायाचित्रांत तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाच्या असंख्य छटा असतात. म्हणून चित्रावरून कारागीर लाकडाच्या ठोकळ्यावर रेघा कोरी आणि तो ठोकळा खिळ्यांबरोबर छापला जाई. म्हणजे छायाचित्र आणि वाचक यांच्यामध्यें कोरणाऱ्याचा हात येई. त्याला आभाळांत चार ढग जास्त हवेसे वाटले तर तो ते घाली. गर्दींतील एखादा चेहरा अडचणीचा वाटला तर तो गाळी. 'छायाचित्रावरून' एवढी सूचना खालीं दिली कीं त्याचें काम संपे.

ही अडचण जाळीच्या ठशानें दूर केली. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या पत्रानें ४ मार्च १८८० रोजीं एका झोपडवस्तीचें छायाचित्र अशा रीतीनें छापलें. म्यूनिकच्या गेओर्ग माइझेनबाख यानें १८८२ सालीं आपल्या पद्धतीचें पेटंट मिळविलें. आणि १८९० च्या सुमारास अमेरिकेंत लेव्ही बंधूंनीं कांचेची जाळी निर्दोष केली. त्यांतील युक्ति अशी. दोन कांचांवर अगदीं जवळजवळ समांतर रेघा कोरून त्या एकमेकींवर आडव्या-उभ्या बसवितात. या बारीक जाळींतून मूळ चित्राची पुन्हां प्रतिमा घेतली म्हणजे तिचे लहानमोठे ठिपके होतात. चित्राचा काळोखाचा भाग मोठ्या, एकमेकांना भिडलेल्या ठिपक्यांचा बनतो. उजेडाचा भाग बारीक, विरळ ठिपक्यांचा. ही प्रतिमा जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून ठिपके सोडून बाकीचा भाग तेजाबानें खाऊन टाकतात, आणि पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा करतात. शाई सर्व ठिपक्यांवर सारखीच बसते. डोळा मात्र ठिपके विसरून छटा पाहतो.

वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदासाठीं इंचाला साठ-पासष्ट रेघांची जाळी पुरे; त्याहून बारीक केली तर शाई पसरून चित्राचा चिखल होतो. गुळगुळीत कागदाच्या मासिकाला १३३ किंवा त्याहून अधिक रेघा चालतात. आज जस्ताचा पत्रा व तेजाब गेले आहेत आणि छपाईची सारी तयारी संगणकावर होते. परंतु ठिपके गेलेले नाहींत. कोणत्याही वर्तमानपत्रांतील चित्र भिंगाखालीं धरून पाहावें, म्हणजे मोठ्या पुढाऱ्याचा चेहरासुद्धां ठिपक्यांचाच आहे असें दिसून येईल.

महाराष्ट्रांत या नव्या विद्येची वाट ज्यांनीं तयार केली त्यांत निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचें स्थान मोठें आहे. पुण्याहून रत्नागिरीच्या शाळेंत बदली झालेल्या या शिक्षकानें १८७९ सालीं सरकारी नोकरीचा त्याग केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याच सुमारास, १८७८ सालीं, त्यांच्या पुढाकारानें पुण्यास 'चित्रशाळा' निघाली, हें अनेकांच्या लक्षांत नसतें. चित्रशाळेनें प्रथम देवादिकांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं रंगीत शिळाछाप चित्रें घरोघर पोंचविलीं. पुढें १९१० सालीं याच छापखान्यांतून 'चित्रमय जगत्' हें सचित्र मासिक निघूं लागलें, आणि देशोदेशींच्या घडामोडींचीं छायाचित्रें मराठी घरांत मराठी मजकुरासह येऊं लागलीं. धुंडिराज गोविंद फाळके यांनींही चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रणाचा आणि ठसे करण्याचा धंदा केला होता.

लहान गांवच्या पत्रांची स्थिति मात्र निराळी होती. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरीहून 'जगन्मित्र' व 'सत्यशोधक' अशीं पत्रें निघत; परंतु छायाचित्राचे ठसे करण्याचे कारखाने पुढेंही बहुधा मुंबई-पुण्यासारख्या शहरांतच असत. जिल्ह्याच्या पत्राला एखाद्या पुढाऱ्याच्या मुखवट्याचा ठसा मिळाला, कीं तो जपून ठेवावयाचा आणि त्या गृहस्थाचें व्याख्यान होवो, सत्कार होवो अथवा निधन होवो, तोच पुन्हां पुन्हां छापावयाचा, असा प्रघात होता. त्यामुळें वाचकाच्या मनांत पुढारी कधींच म्हातारा होत नसे. हा प्रकार निरुपद्रवी वाटतो. तथापि जुनें चित्र नव्या बातमीला जोडण्याची संवय येथूनच सुरू होते, आणि तिचा विचार पुढें करावयाचा आहे.

कोणाचें चित्र घ्यावें, हाही एक निर्णयच आहे. आरंभींचे छायाचित्रकार राजेरजवाडे, गव्हर्नर, दरबार आणि पलटणी यांचीं चित्रें घेत. दापोली तालुक्यांतील मुर्डी गांवीं जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले. १९०१ च्या डिसेंबरांत ते स्वदेशीं परतले, तेव्हां मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनीं त्या प्रसंगाचें चलच्चित्र घेतलें. भारतीय माणसानें घेतलेलें हें पहिलें बातमीचें चलच्चित्र म्हणून गणलें जातें. कोकणच्या एका खेड्यांतील विद्यार्थी यंत्रापुढें येण्यास योग्य ठरला, याचें श्रेय यंत्राला देतां येत नाहीं. तें भाटवडेकरांच्या निवडीला द्यावें लागतें.

छायाचित्र कोणाचें, याबरोबरच तें कोणी काढलें हेंही सांगितलें गेलें पाहिजे. होमाई व्यारावाला यांची हकीगत या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९१३ सालीं नवसारीस जन्मलेल्या या बाईंनीं मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयांत शिक्षण घेतलें आणि छायाचित्रणाचे धडे माणेकशा व्यारावाला यांच्याकडून घेतले. पुढें त्यांच्याशींच त्यांचा विवाह झाला. मुंबईच्या पत्रांत त्यांचीं चित्रें येऊं लागलीं, तेव्हां आरंभीं कित्येक चित्रांखालीं नांव छापलें जाई तें पतीचें. १९४२ सालीं त्या दिल्लीस गेल्या. जड कॅमेरा व प्रकाशाचे दिवे खांद्यावर वागवीत, साडी नेसून, पुरुषांच्या घोळक्यांत उभ्या राहून त्यांनीं स्वातंत्र्याच्या उदयकाळचे प्रसंग टिपले. १९७० सालीं त्यांनीं हा व्यवसाय सोडला. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें आणि २०१२ च्या जानेवारींत त्या वारल्या. देशांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचें नांव आदरानें घेतलें जातें. परंतु ज्या वाचकांनीं तीं आरंभींचीं चित्रें पाहिलीं त्यांना साक्षीदाराचें खरें नांव कळलेंच नव्हतें.

आतां चित्र कचेरींत आल्यावर काय होतें तें पाहूं. छायाचित्रकार एका प्रसंगाचीं अनेक चित्रें आणतो. त्यांतून एक किंवा दोन निवडण्याचें काम चित्रसंपादकाचें. पुढारी भाषण करीत असतां त्याचीं चाळीस चित्रें घेतलीं, तर कांहींत तो तेजस्वी दिसतो, कांहींत जांभई देतो, कांहींत त्याचे डोळे मिटलेले असतात. चाळीसही चित्रें खरींच. पण डोळे मिटलेलें चित्र पहिल्या पानावर घातलें तर वाचक समजतो कीं गृहस्थ सभेंत झोंपले होते. एका क्षणाची शंभरांश सेकंदाची स्थिति संबंध तासाचें वर्णन म्हणून दिली जाते. म्हणून चांगला चित्रसंपादक सर्वांत चमत्कारिक चित्र बाजूस ठेवतो आणि त्या तासाचें खरें स्वरूप दाखविणारें चित्र उचलतो.

त्यानंतर येते काटछाट. जुन्या कचेऱ्यांत यासाठीं जाड कागदाचे दोन काटकोनी तुकडे असत. ते चित्रावर समोरासमोर ठेवून पुढेंमागें सरकविले म्हणजे हवी तेवढी चौकट दिसे. मग कडेला पेन्सिलीनें खुणा करीत. चौकटीचा कर्ण काढला कीं चित्र लहान केल्यावर त्याची उंची किती होईल हें कळे. सहा इंच रुंद व चार इंच उंच चित्र तीन इंच रुंदीच्या जागेंत बसवावयाचें तर त्याची उंची दोन इंच होणार, हें शाळेंतील भूमितीच सांगते. आज हें काम पडद्यावर क्षणांत होतें; निर्णय मात्र तोच राहिला आहे. समजा, एखाद्या मोठ्या मैदानावर सभा भरली आणि पाऊण मैदान रिकामें राहिलें. व्यासपीठापुढच्या दोनशें माणसांवर चौकट बसविली तर वाचकाला मैदान तुडुंब भरलेलें दिसेल. मागची रिकामी जागा धरली तर सभा फसलेली दिसेल. लांब पल्ल्याचें भिंग वापरलें तर अंतरावर बसलेलीं माणसें एकमेकांना चिकटलेलीं दिसतात, आणि गर्दी आणखीच दाट भासते. यांत एकही ठिपका खोटा नसतो. तरी वाचक फसतो.

तिसरी गोष्ट डागडुजीची. खरखरीत कागदावर छपाई होत असे तेव्हां पुसट कडा कुंचल्यानें उठावदार करणें, कांचेवरील ओरखडा झांकणें हें आवश्यकच असे. वाणी तांदूळ निवडून देतो, तितकेंच तें निर्दोष होय. परंतु खडे काढतां काढतां तांदुळांतच भेसळ सुरू झाली, म्हणजे गोष्ट निराळी होते. रशियांत स्टालिनच्या शेजारीं कालव्याच्या कांठीं उभा असलेला येझोव्ह हा अधिकारी १९४० सालीं देहान्ताची शिक्षा भोगल्यावर छायाचित्रांतूनही नाहींसा झाला; त्याच्या जागीं कालव्याचें पाणी रंगविण्यांत आलें. अमेरिकेच्या 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या आकारांत बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड संगणकानें एकमेकांजवळ सरकविले, आणि त्याबद्दल त्यावर पुष्कळ टीका झाली. २००३ सालीं इराकच्या युद्धांत 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या एका छायाचित्रकारानें दोन चित्रांचें एक चित्र केलें. तें उघडकीस येतांच त्याला नोकरी गमवावी लागली. आतां तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें न घडलेल्या प्रसंगाचें चित्र घरबसल्या तयार होतें. तेथें भिंगापुढें कोणी नव्हतें आणि भिंगामागेंही कोणी नव्हतें; अशा चित्राला साक्षीदारच नाहीं.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चित्राखालची ओळ. चित्राला काळ सांगतां येत नाहीं, स्थळही पुष्कळदां सांगतां येत नाहीं. २६ जुलै २००५ च्या सुमारास चिपळूण शहरांत महापुराचें पाणी शिरलें. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठी व शिव या नद्यांनीं त्याच शहराला पुन्हां वेढलें. तींच घरें, तोच बाजार, तेंच तांबडें पाणी. २००५ चें एखादें चित्र २०२१ च्या पानावर पडलें तर केवळ चित्राकडे पाहून तें ओळखणें सामान्य वाचकाला कठीण. पुरांत वीज जाते, दूरध्वनि बंद पडतात, रस्ते तुटतात; आणि मुंबईस किंवा पुण्यास असलेला चाकरमानी आपल्या आळींत पाणी कोठपर्यंत आलें, आईवडील माडीवर चढले असतील काय, हें त्या चित्रांतच शोधीत असतो. त्याला चुकीच्या वर्षाचें चित्र दाखविणें म्हणजे दूरच्या नातेवाइकाला खोटी तार करण्यासारखें आहे. म्हणून 'पुराचें दृश्य' ही ओळ पुरेशी नाहीं. कोणतें ठिकाण, कोणता दिवस, शक्य तर कोणती वेळ आणि चित्र कोणी काढलें, इतकें तींत आलें पाहिजे.

दुःखाच्या प्रसंगीं आणखी एक प्रश्न उभा राहतो. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण फुटलें आणि वाडी वाहून गेली. अशा वेळीं फुटलेला बांध व उद्ध्वस्त घरें दाखविणें हें वृत्तपत्राचें कर्तव्यच होय, कारण त्यावांचून कोणाला जाब विचारला जाणार नाहीं. परंतु प्रेत हातीं लागल्यावर आक्रोश करणाऱ्या बाईच्या तोंडाशीं भिंग नेणें, यानें जाब विचारण्याच्या कामीं किती भर पडते? प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत खासगी शोकाच्या क्षणीं छायाचित्रासाठीं घुसखोरी टाळावी असें म्हटलें आहे. त्याचबरोबर अपघात व नैसर्गिक आपत्ति यांतील पीडितांचीं चित्रें लोकहितासाठीं घेण्यास वाव ठेवला आहे. या दोहोंमधली रेघ नियमानें आंखून मिळत नाहीं. ती त्या जागीं उभ्या असलेल्या माणसाला आणि कचेरींत बसलेल्या संपादकाला आपल्या विवेकानेंच आंखावी लागते. मंडालेच्या त्या भिंतीपुढील प्रश्न रूप बदलून अशा रीतीनें पुन्हां पुन्हां समोर येतो.

या प्रश्नाचें एक उत्तर मुंबईंत मिळालें. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं छत्रपति शिवाजी टर्मिनस स्थानकांत दोन दहशतवाद्यांनीं गोळीबार सुरू केला, तेव्हां 'मुंबई मिरर' या त्या वेळच्या दैनिकाचे चित्रसंपादक सेबॅस्टियन डिसूझा आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर हे कॅमेरे घेऊन तिकडे गेले. डिसूझा यांनीं उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यांचा आडोसा घेऊन चित्रें काढलीं. खांद्यावर पिशवी व हातांत बंदूक घेऊन स्थानकांतून चालणाऱ्या अजमल कसाबचें जें चित्र जगभर गेलें, तें त्यांचें. पुढें खटला उभा राहिला, तेव्हां दोघांनाही न्यायालयांत यावें लागलें. शपथेवर साक्ष द्यावी लागली. सर्वोच्च न्यायालयानें २९ ऑगस्ट २०१२ रोजीं दिलेल्या निकालांत त्यांच्या चित्रांची व धैर्याची गौरवानें दखल घेतली.

येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. चित्र जगानें पाहिलें होतें. तरीसुद्धां न्यायालयानें नुसत्या चित्रावर भागविलें नाहीं. तें चित्र कोणी, कोठें, केव्हां आणि कसें घेतलें, हें सांगणारा जिवंत मनुष्य कठड्यांत उभा राहिला आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याची संधि आरोपीच्या वकिलाला मिळाली. तेव्हांच त्या चित्राला पुराव्याचें मोल आलें. मंडालेच्या अंमलदारानें चित्रासाठीं दुसऱ्याचा मृत्यु लांबविल्याचा आरोप ओढवून घेतला. मुंबईच्या या दोघांनीं चित्रासाठीं स्वतःचा जीव धोक्यांत घातला आणि नंतर त्या चित्राची जबाबदारीही उचलली. दोन्ही ठिकाणीं यंत्र एकच होतें. फरक यंत्रामागच्या माणसाचा होता.

न्यायालयाला जो अधिकार असतो तो घरीं बसलेल्या वाचकाला नाहीं. तो छायाचित्रकाराला बोलावून शपथ घालूं शकत नाहीं. परंतु तीं चौकशीचीं वाक्यें तो मनांतल्या मनांत उच्चारूं शकतो. चित्राखालीं काढणाऱ्याचें नांव आहे काय? ठिकाण व तारीख दिली आहे काय? चौकटीच्या बाहेर काय असावें? हा प्रसंग आपोआप घडलेला दिसतो, कीं कॅमेऱ्यासाठीं मांडलेला? चित्रांतील माणसाच्या जागीं आपल्या घरचें कोणी असतें, तर तें असें छापलेलें चाललें असतें काय? घरांतील मुलांना बातमी वाचावयास शिकवितांना हे प्रश्नही शिकवावेत. शुद्धलेखनाइतकेच ते उपयोगाचे आहेत.

आणि वृत्तपत्रांकडून अपेक्षा करावयाची तीही फार मोठी नाहीं. नांव, स्थळ, दिनांक यांवांचून चित्र छापूं नये. जुनें चित्र वापरल्यास तें जुनें आहे असें त्याखालींच सांगावें. तयार केलेल्या चित्रावर 'काल्पनिक' असें ठळक लिहावें. आणि चूक झाली तर तिची दुरुस्ती कोपऱ्यांतल्या दोन ओळींत न दडवितां, चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर द्यावी. इतकें ज्या पत्रांत होत असेल त्यांतील चित्र अंधुक असलें, कडेला कापलेलें असलें, तरी तें विश्वासानें पाहावें. कारण त्यामागें कोणीतरी नांवगांव सांगून उभें आहे.